स्प्रिंग आवळली म्हणजे दाब वाढतो का?

आमचे नळदुर्ग पुणे–सोलापूर–हैदराबाद या हमरस्त्यावर आहे. रात्री गाव झोपले तरी रस्ता झोपत नाही. बसस्थानकाजवळ घटकाभर उभे राहिलात, तर घरघर, कर्णे आणि ब्रेकची किरकिर या गलबल्यात एक आवाज वेगळा ऐकू येतो. एखादा भला मोठा ट्रक थांबतो आणि ‘फुस्स’ करून हवा सोडतो. आमच्या वर्गातल्या मुलांना हा आवाज फार आवडतो. “सर, टर्बोची हवा सुटली,” असे ती एकमेकांना मोठ्या जाणतेपणाने सांगतात.

ही समजूत चुकीची आहे. ट्रकमधून सुटते ती ब्रेकची हवा. जड वाहनांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. टाकीतला दाब सातआठ वातावरणांइतका असतो आणि ब्रेक सोडला की काम झालेली हवा बाहेर पडते. टर्बोचा याच्याशी काही संबंध नाही. टर्बोची हवा सोडणारी झडप निराळी, आणि ती डिझेलच्या ट्रकांना सहसा नसतेच. ती असते टर्बो बसवलेल्या पेट्रोल गाड्यांना. आज या झडपेचीच गोष्ट सांगायची आहे, कारण तिच्यावरून मी स्वतः एकदा चुकीचे उत्तर देऊन बसलो होतो.

माझा एक जुना विद्यार्थी रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये काम करतो. मुलगा हुशार आहे. एके दिवशी संध्याकाळी तो पिशवीत ही झडप घेऊनच घरी आला. एका गिऱ्हाइकाने जुनी टर्बो गाडी घेतली होती. टर्बोचा दाब वाढवून ती अधिक पळवायची असा त्याचा बेत होता. दाब वाढवला खरा, पण ही झडप मध्येच हवा सोडू लागली. कोणीतरी उपाय सांगितला, की झडपेचे पत्र्याचे टोपण व्हाइसमध्ये धरून थोडे चेपायचे, म्हणजे आतली स्प्रिंग आवळली जाते आणि झडप जास्त दाब धरते.

“सर, टोपण चेपलं तर दाब धरंल का हो?” त्याने विचारले.

मी चहा पीत होतो. हूकचा नियम मी दरवर्षी शिकवतो. स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा जोर वाढतो. म्हणून मी पटकन म्हणालो, “धरील की! न धरायला काय झाले?” तो खूश होऊन निघाला. रात्री मात्र मला झोप लागेना. झडप खरोखर कशाच्या जोरावर बंद राहते, हे मी पाहिलेच नव्हते.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळते ते हवेतल्या प्राणवायूमुळे. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे आहे, पण तेवढी हवा आणायची कोठून? साधे इंजिन हवा ओढून घेते, म्हणजे दट्ट्या खाली जातो आणि बाहेरचा वातावरणदाब हवा आत ढकलतो. याहून अधिक हवा हवी असेल, तर ती बळेच कोंबावी लागते. हे काम टर्बो करतो. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या तप्त धुराच्या वाटेत एक लहान चक्र असते. धुराच्या झोताने ते फिरते. त्याच आसावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते ताजी हवा ओढून इंजिनाकडे दाबते. चक्रे तुमच्या मुठीत मावतील एवढी, पण वेग मात्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे. वाया जाणाऱ्या धुराकडून असे काम करून घेण्याची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले.

फरक किती पडतो? टाटांच्या दोन गाड्या पाहा. २०१६ साली आलेल्या टियागोचे १.२ लिटरचे, तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन ८५ अश्वशक्तीचे होते. २०१७ साली पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून नेक्सॉन बाहेर पडू लागली, तिचेही पेट्रोल इंजिन १.२ लिटरचे आणि तीन सिलिंडरांचेच, पण टर्बो असलेले. त्याची शक्ती ११० अश्वशक्ती होती. आकारमान तेच असून शक्ती जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त!

आता झडपेची गरज कोठे पडते ते बघा. पेट्रोल इंजिनात वेग कमीजास्त करायचा तो हवेची वाट कमीजास्त उघडून. नळीमध्ये एक गोल पाकळी असते, तिला थ्रॉटल म्हणतात. पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, पाय उचलला की मिटते. (डिझेल इंजिनात वेग आवरतात तो डिझेलचे प्रमाण बदलून. हवेची वाट त्यासाठी मिटवत नाहीत, म्हणूनच ट्रकाला ही झडप लागत नाही.) गाडी जोरात आहे, टर्बो पुऱ्या वेगाने हवा कोंबतो आहे, आणि समोर बैलगाडी आली म्हणून चालकाने पाय उचलला. पाकळी मिटली. पण टर्बोचे चक्र असे एकाएकी कसे थांबणार? ते हवा दाबतच राहते. पुढे वाट बंद, मागून हवा येतच आहे. अशा वेळी कोंडलेली हवा उलटी फिरते आणि चक्राच्या पात्यांवरून मागे येते. क्षणात पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कबुतर उडावे तसा फडफड आवाज होतो. प्रत्येक फडफडीबरोबर चक्राच्या आसाला आणि त्याच्या टेकूंना हिसके बसतात, आणि हे टेकू तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतात, हे विसरू नका.

हे टाळण्यासाठी टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीवर ही झडप बसवतात. पाकळी मिटताच ती उघडते आणि कोंडलेल्या हवेला वाट देते. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत ही हवा बाहेर न सोडता टर्बोच्या अलीकडे परत नेतात, कारण ती इंजिनाच्या मापकाने आधीच मोजलेली असते. ती बाहेर गेली तर पेट्रोलचा हिशेब चुकतो. म्हणजे त्या गाड्यांत ‘फुस्स’ फारसे ऐकूच येत नाही.

प्रश्न असा, की पाकळी मिटली हे झडपेला कळते कसे? इथे खरी युक्ती आहे. झडपेची तबकडी खालून नळीतल्या हवेच्या दाबावर टेकलेली असते. तबकडीच्या दांड्याला वर एक रबरी पडदा जोडलेला असतो. पडद्याच्या वरच्या कप्प्यात स्प्रिंग असते आणि त्या कप्प्यातून एक बारीक रबरी नळी निघून थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला जोडलेली असते. म्हणजे तबकडीला खालून उघडू पाहणारा दाब थ्रॉटलच्या अलीकडचा, आणि पडद्याला वरून मिटू पाहणारा दाब थ्रॉटलच्या पलीकडचा. पाकळी पूर्ण उघडी असताना अलीकडे आणि पलीकडे दाब जवळजवळ सारखाच असतो. मग दोन्ही जोर एकमेकांना बरेचसे छेदतात, आणि उरलेसुरले काम स्प्रिंग करते.

थोडे आकडे घेऊन पाहू. मी त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर जो हिशेब केला तोच देतो. झडप मनातली आहे, पण खऱ्या झडपेचा स्वभाव तिच्यात आहे. तबकडीचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि पडद्याचे ५ चौरस सेंटिमीटर धरा. स्प्रिंगचा जोर ०.८ किलोग्रॅम-भार. दाब आपण वातावरणदाबापेक्षा जादा तेवढाच मोजू, दर चौरस सेंटिमीटरला किलोमध्ये.

कारखान्याने ठरवलेला जादा दाब ०.६ असेल, तर उघडणारा जोर ६ × ०.६ = ३.६. मिटणारा जोर ५ × ०.६ + ०.८ = ३.८. झडप बंद, पण दोहोंत अंतर फक्त ०.२. आता पाय उचला. अलीकडे दाब ०.६ आहेच, पण पलीकडे इंजिन हवा ओढून घेत असल्याने दाब वातावरणाच्याही खाली, समजा उणे ०.६ झाला. आता पडदा मिटत नाही, उलट वर खेचला जातो. उघडणारा जोर ३.६ आणि त्यात पडद्याचे ३. त्यातून स्प्रिंगचे ०.८ वजा केले की ५.८ किलोग्रॅम-भार उरतो. झडप ताडकन उघडते.

आता त्या गिऱ्हाइकाने दाब १.० केला. उघडणारा जोर ६, मिटणारा ५ + ०.८ = ५.८. झडप किंचित उचलते आणि हवा गळते. टोपण २ मिलिमीटर चेपले, आणि स्प्रिंग मिलिमीटरला ०.२ किलोग्रॅम-भार या हिशेबाची असली, तर तिचा जोर १.२ होईल. मिटणारा जोर ६.२. झडप दाब धरते!

म्हणजे मी दिलेले उत्तर बरोबर होते? मलाही क्षणभर तसेच वाटले. पण हिशेबात जरा मागे जाऊन बघा. एकूण ६.२ पैकी ५ कोणाचे आहेत? बारीक रबरी नळीतून आलेल्या हवेचे. स्प्रिंगचा वाटा सव्वा किलोसुद्धा नाही. दाबाशी झुंजते ती मुख्यतः स्प्रिंग नव्हे. थ्रॉटलच्या पलीकडून आलेला दाबच अलीकडच्या दाबाला धरून ठेवतो. ती नळी चिरली असेल, किंवा पडद्याला टाचणीएवढे भोक असेल, तर वरचा दाब ५ ऐवजी ४ भरेल आणि झडप गळेल. मग स्प्रिंग कितीही आवळत बसा.

आणि आवळण्याची किंमत काय? चालक नेहमीच पाय पुरता उचलत नाही. गावातून जाताना थोडा सैल करतो, पुन्हा दाबतो. समजा अशा वेळी अलीकडे दाब ०.३ आणि पलीकडे ०.१ आहे. उघडणारा जोर १.८. मूळ स्प्रिंग असताना मिटणारा जोर ०.५ + ०.८ = १.३, म्हणजे झडप उघडते. आवळलेल्या स्प्रिंगने मिटणारा जोर १.७, झडप कशीबशी उघडते. आणखी २ मिलिमीटर चेपा: २.१. आता झडप उघडतच नाही, आणि हवा उलटी चक्रावर जाते. जी फडफड टाळण्यासाठी झडप बसवली, तीच आपण घरी बोलावली. स्प्रिंगचा जोर कारखान्याने कमी ठेवला तो कंजूषपणाने नव्हे.

शिवाय, टर्बोचा दाब ही झडप ठरवतच नाही. तो ठरवते दुसरी झडप, धुराच्या बाजूची. पुरेसा दाब झाला की ती धुराचा काही भाग चक्राला वळसा घालून सोडून देते. गिऱ्हाइकाने छेडले होते ते तिला. तेव्हा खरा विचारायचा प्रश्न हा, की दाब ०.६ वरून १.० केल्याने इंजिनात काय होते?

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला गरम लागतो ते तुम्हांला माहीत आहे. बाहेरची हवा २७ अंशांची आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ०.६ जादा दाबाला हवा सुमारे ८९ अंशांपर्यंत तापते आणि १.० ला सुमारे १२१ अंशांपर्यंत. (आपल्या घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी साधारण एवढेच तापमान असते!) तापलेली हवा विरळ होते. एकूण दाब १.६ वरून २ झाला, म्हणजे २५ टक्के वाढला, तरी इंजिनात शिरणाऱ्या हवेचे वस्तुमान वाढते अवघे १५ टक्क्यांच्या आसपास. गाड्यांत वाटेवर हवा थंड करण्याची जाळी असते, तिने बरेच सावरते. पण जाळीही मूळ दाबाच्याच हिशेबाने केलेली असते. तापलेली आणि दाबलेली हवा पेट्रोलासह सिलिंडरमध्ये आली, की मिश्रणाचा काही भाग ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकतो. खणखण ठोके पडतात. दट्ट्याच्या कडा झिजत नाहीत, तर तुटतात. हे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत कळत नाही. ते कळते चढावर, पूर्ण भार असताना, शेजारून ट्रक जात असताना.

झडप आवळून काम साधण्याचा मोह काही आजचा नाही. रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंग्रज अभियंत्याने अधिक दाबाच्या वाफेवर चालणारी इंजिने केली. त्यांतले एक १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिच येथे पाणी उपसायला लावले होते. बाष्पपात्राच्या सुरक्षा-झडपेचा दांडा एक पाना अडकवून दाबून धरलेला होता. इंजिन सांभाळणारा मुलगा मासे पकडायला गेला आणि एका मजुराला लक्ष ठेवायला सांगून गेला. इंजिन फार वेगाने चालले आहे असे पाहून मजुराने ते बंद केले, पण पाना काढायचे त्याला ठाऊक नव्हते. वाफेला वाट उरली नाही. थोड्याच वेळात बाष्पपात्र फुटले. तिघे जागीच ठार झाले आणि एक नंतर दगावला. पुढच्या बाष्पपात्रांना ट्रेव्हिथिकने एकाऐवजी दोन झडपा बसवल्या, शिवाय पाणी आटले तर वितळून वाफेला वाट देणारी शिशाची गुडदी बसवली. टर्बोची झडप ही अशी सुरक्षा-झडप नव्हे, हे खरे. ती आवळल्याने गाडी फुटत नाही. पण त्या पान्यात आणि चेपलेल्या टोपणात मला नाते दिसते. हवा कोठून सुटते एवढेच पाहिले गेले, का सुटते हे नाही.

आमच्या किल्ल्याचेच उदाहरण घ्या. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३च्या सुमारास, नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीचे पाणी अडवणारा बंधारा बांधला गेला. त्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात जादा पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून कोसळते आणि महालात बसलेला माणूस कोरडा राहून समोर धबधबा पाहतो. सहलीला आलेल्या एका मुलाने मला विचारले होते, “सर, सांडव्यावर दगड रचले तर पाणी जास्त नाही का साठणार?” साठेल. पण पाण्याची खोली एक दशांशाने वाढली, तर भिंतीवरचा एकूण रेटा २१ टक्क्यांनी वाढतो आणि भिंतीला पायथ्याशी उलथवू पाहणारा जोर ३३ टक्क्यांनी. सांडव्याची उंची भिंतीच्या ताकदीकडे बघून ठरते. चारशे वर्षे ती भिंत उभी आहे, त्यात या दोन सांडव्यांचा वाटा मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी गॅरेजवर गेलो. टोपण अजून चेपलेले नव्हते, हे पाहून हायसे वाटले. “अरे, काल मी घाईत बोललो,” असे सांगून वही पुढे ठेवली. त्याने आकडे वाचले, काही न बोलता झडप खोलली आणि पडदा उजेडात धरला. दुमडीपाशी एक बारीक भेग दिसत होती. नळीचे टोकही कडक होऊन तडकले होते. म्हणजे ही झडप मूळ दाबालाही नीट टिकली नसती. त्याने पडदा आणि नळी बदलली. धुराच्या बाजूची झडप मूळच्या खुणेवर आणून ठेवायची की नाही, यावर मात्र गिऱ्हाइकाशी त्याचा बराच वाद झाला. इंजिनात असे फेरफार करणे कायद्यालाही मान्य नाही, हेही त्याने सांगून पाहिले. अखेर दट्ट्यांचा भाव ऐकल्यावर गिऱ्हाईक वळले असे तो म्हणतो. मी तेथे नव्हतो.

तुम्हांला ही झडप वर्गात करून पाहता येईल. सुई नसलेल्या तीन पिचकाऱ्या घ्या: एक २० मिलिलिटरची आणि दोन १० मिलिलिटरच्या. माशांच्या टाकीला लावतात ती बारीक नळी आणि तिचा तीन तोंडांचा जोड घ्या. मोठी पिचकारी आणि एक लहान पिचकारी लाकडी पट्टीवर समोरासमोर अशा बांधा, की त्यांच्या दट्ट्यांची डोकी एकमेकांना टेकतील. दोन्ही दट्टे अर्धे बाहेर असू द्या आणि डोकी चिकटपट्टीने जोडा. दोन्हींच्या तोंडांना नळ्या लावून जोडाला जोडा आणि जोडाच्या तिसऱ्या तोंडाला उरलेली पिचकारी हवा भरून लावा. ती हलक्या हाताने दाबा. दोन्हीकडे दाब एकच, तरी मोठा दट्ट्या लहानाला मागे रेटतो. मोठी पिचकारी म्हणजे तबकडी, लहान म्हणजे पडदा.

आता जोडलेल्या डोक्यांभोवती एक रबरबँड अडकवून त्याचे दुसरे टोक मोठ्या पिचकारीच्या कानांत अडकवा. ही झाली स्प्रिंग. पुन्हा दाबा. डोकी हलेपर्यंत हातातल्या पिचकारीचा दट्ट्या कोणत्या खुणेपर्यंत गेला ते लिहून ठेवा. मग दोन रबरबँड लावा, मग तीन. शेवटी एकच रबरबँड ठेवून लहान पिचकारीची नळी बोटांनी चिमटून बंद करा आणि पुन्हा दाबा. दट्टे रबरी असल्याने थोडे अडखळतात; त्यांना आतून खोबरेल तेलाचा एक थेंब लावा, आणि प्रत्येक वाचन तीनदा घ्या.